पाटीवर फक्त 'रमाबाई' लिहू नका

सन्माननीय महापौर, नगराध्यक्ष, सरपंच, सर्व सदस्य आणि शिक्षणसंस्थांचे विश्वस्त यांस,



रस्ता, चौक, उद्यान, शाळा, वसतिगृह, सभागृह यांना नाव देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. ठराव आपण मांडता, मंजूर आपण करता आणि पाटीही आपणच लावता. हे पत्र त्या पाटीबद्दल आहे. माझं मागणं लहान आहे, पण त्यामागचं कारण लहान नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

'रमाबाई' हे नाव आपल्याकडे कन्याशाळांना आहे, वसतिगृहांना आहे, वस्त्यांना आणि सभागृहांनाही आहे. त्या पाटीखालून रोज जाणाऱ्या एखाद्या मुलीला विचारा, या रमाबाई कोण? उत्तर बहुधा असं येतं: त्या थोर समाजसेविका होत्या, त्यांनी स्त्रीशिक्षणासाठी काम केलं. कुठल्या रमाबाई, हा प्रश्न तिच्या मनात येत नाही, कारण त्या एकापेक्षा जास्त होत्या हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. इतिहास शिकवताना मला हे उत्तर वर्षानुवर्षं ऐकू येतं. त्यात त्या मुलीचा दोष नाही. तिच्यासमोर आपण जेवढं लिहिलं, तेवढंच तिने वाचलं.

महाराष्ट्राच्या इतिहासात ठळक अशा निदान चार रमाबाई आहेत. पहिली थोरल्या माधवराव पेशव्यांची पत्नी. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई त्यांच्या चितेवर सती गेली. तिच्याबद्दल कादंबऱ्या आणि नाटकं बोलतात, तिची स्वतःची वाणी मात्र आपल्यापर्यंत फारशी पोहोचलेली नाही. उरलेल्या तिघी एकाच शतकात जन्मल्या आणि त्यांतल्या दोघी तर एकाच शहरात, एकाच साली, एकाच संस्थेत एकत्र आल्या. सगळा घोळ तिथे आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

१८८२ साली पुण्यात एक चोवीस वर्षांची विधवा आपली तान्ही मुलगी घेऊन आली. रमाबाई डोंगरे-मेधावी. जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवण्याचं धाडस केलं होतं आणि त्या आईने मुलीला शिकवलं. पुराणं सांगत, तीर्थक्षेत्रं पालथी घालत हे कुटुंब हिंडत राहिलं. उपासमारीत आईवडील गेले, थोरली बहीण गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास आणि रमा हिंडत हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊही गेला. तिने बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी १८८० मध्ये नोंदणी पद्धतीने लग्न केलं. दोन वर्षांच्या आत तेही पटकीने गेले. एवढं सगळं चोविसाव्या वर्षापर्यंत. पुण्यात आल्यावर तिने 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं, आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगासमोर साक्ष देऊन सांगितलं की या देशातल्या बायकांना बाई डॉक्टर आणि बाई शिक्षक हवेत.

त्याच वेळी त्याच पुण्यात महादेव गोविंद रानडे यांच्या घरात विशीतली दुसरी रमाबाई होती. माहेरची यमुना कुर्लेकर, गाव देवराष्ट्रे. हे गाव पुढे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला माहीत झालं. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, तिचं लग्न तिशी ओलांडलेल्या बिजवराशी झालं आणि यमुनेची रमा झाली. नवऱ्याने तिला लिहायला-वाचायला शिकवलं, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्या प्रत्येक अक्षराची किंमत तिच्याकडून वसूल केली. पंडिताबाईंच्या व्याख्यानांना आणि आर्य महिला समाजाच्या सभांना ती जाऊ लागली, तेव्हा घरात आणखी वादळ उठलं. ही सगळी हकिकत तिने स्वतः 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे. मराठीतल्या उत्तम आत्मकथनांत मी ते पुस्तक ठेवते, आणि आपल्या गावच्या ग्रंथालयात ते नसेल तर आधी ते आणा, मग पाटीचं बघू, असं म्हणायचाही मला मोह होतो.

तर अशा या दोघी. वयात चार-पाच वर्षांचं अंतर, ओळख जवळची, काम एकाच दिशेचं. पुढे मात्र वाटा फार वेगळ्या झाल्या. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिथून त्या अमेरिकेला गेल्या, तिथल्या समाजाचं वर्णन करणारं प्रवासवृत्त मराठीत लिहिलं आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकाने तिकडच्या वाचकांना हलवून सोडलं. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात हलवलं. तिथल्या मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि खुद्द रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यानंतर पंडिताबाईंनी केडगावला मुक्ती सदन उभं केलं. १८९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून मुली आणि बायका तिथे आणल्या. रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. तिथे अंध मुलींची शाळा होती, छापखाना होता, शेती होती. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी एकटीने बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, आणि ते छापलं मुक्तीतल्या बायकांनी. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

रमाबाई रानडे हिंदू समाजाच्या आत राहिल्या. पती १९०१ मध्ये गेल्यावर काही काळ त्या जनजीवनापासून दूर होत्या. मग मुंबईच्या सेवासदनाच्या अध्यक्ष झाल्या आणि १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. प्रौढ बायकांचे वर्ग, शिक्षिकांचं प्रशिक्षण, परिचारिकांचं प्रशिक्षण अशी कामं या संस्थेने केली. चांगल्या घरातल्या बाईने रुग्णसेवा करणं हे तेव्हा हलकं काम मानलं जाई. ती समजूत मोडण्यात सेवासदनाचा वाटा फार मोठा आहे. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि बायकांच्या मताधिकारासाठी त्या उभ्या राहिल्या. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

आता पाटीकडे या. 'रमाबाईंनी पुण्यात स्त्रियांसाठी संस्था काढली' हे वाक्य दोघींनाही लागू पडतं. दोघी विधवा, दोघी लेखिका, दोघींवर टपाल खात्याने तिकीट काढलं. एकीवर १९६२ मध्ये, दुसरीवर १९८९ मध्ये. नाव एकच, शहर एकच आणि काळही एकच असला की वाचणाऱ्याच्या मनात एक सरासरी बाई तयार होते: नऊवारी नेसलेली, सोशीक, पतीच्या प्रोत्साहनाने शिकलेली आणि बायकांना शिकवणारी. या सरासरीत रमाबाई रानडे थोड्याफार उरतात. दूरचित्रवाणीवर २०१२ मध्ये आलेल्या 'उंच माझा झोका' मालिकेमुळे त्यांची गोष्ट घरोघर गेली. पण पंडिता रमाबाई त्यात पार पुसल्या जातात. त्यांचं आंतरजातीय लग्न, धर्मांतर, बायबल, स्वतःच्या समाजाशी घेतलेलं भांडण, चर्चमधल्या वरिष्ठांनाही न जुमानता केलेला स्वतंत्र विचार, यातलं काहीही त्या सोज्ज्वळ चित्रात मावत नाही.

माझा मूळ मुद्दा हाच आहे. नावाच्या गोंधळात दोघांचं सारखं नुकसान कधीच होत नाही. जी व्यक्ती समाजाला सोयीची असते ती टिकते, आणि जी गैरसोयीची असते ती तिच्यात विरघळते. ज्यांच्याशी आपलं पटलं नाही, ज्यांनी आपल्याला कठीण प्रश्न विचारले, तीच माणसं अशा वेळी हरवतात. ते कुणी कट करून करत नाही. अर्धवट लिहिलेली पाटी ते काम आपोआप करते.

चौथ्या रमाबाई म्हणजे रमाबाई भीमराव आंबेडकर. दापोली तालुक्यातल्या वणंद गावच्या भिकू धुत्रे यांची रामी. वडील दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. लग्न लागलं भायखळ्याच्या मासळी बाजारात, रात्री, बाजार उठल्यावर. नवरा अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकत असताना परळच्या चाळीत घर त्यांनी चालवलं. पाच मुलांपैकी चार गेली, एकटा यशवंत राहिला. २७ मे १९३५ रोजी राजगृहात त्यांनी देह ठेवला. बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ त्यांना अर्पण केला आहे. इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. आंबेडकरी समाजाने आपल्या रमाबाईंचं नाव इतर कुणाहीपेक्षा जपून लिहिलं. पाटीवर 'माता रमाबाई आंबेडकर' असतं, बोलण्यात 'रमाई' असतं, सरकारी घरकुल योजनेचं नावही रमाई. ७ फेब्रुवारीला जयंती कुणाची आहे याबद्दल त्या वस्तीतल्या लहान मुलाचाही घोटाळा होत नाही. ज्या समाजाला आपली माणसं लिहिण्याचा हक्क फार उशिरा मिळाला, त्याने ती नीट लिहिली. बाकीच्यांनी हे त्यांच्याकडून शिकावं.

आपण म्हणाल, हा एका नावाचा योगायोग झाला. योगायोग नाही. यमुना कुर्लेकरची रमा झाली, तशी कल्याणच्या आणखी एका यमुनेची लग्नानंतर आनंदी झाली. डॉ. आनंदीबाई जोशी. लग्न झालं की सासरचं नाव लावायचं, आणि ते ठेवणार नवरा किंवा सासू. त्या काळी पसंतीची नावंही ठरावीक होती: रमा, आनंदी, लक्ष्मी, सरस्वती, राधा, पार्वती. म्हणजे बाईचं पहिलं नाव सासरचं, मधलं नवऱ्याचं आणि आडनाव सासऱ्याचं. जन्मगाव आणि माहेर तर कुठेच नाही. मग पाटीवर नुसतं 'आनंदीबाई' लिहिल्यावर त्या बाईचं स्वतःचं असं काय राहिलं?

आणि आनंदीबाईही काही एक नाहीत. राघोबादादांची आनंदीबाई, जिच्यावर नारायणरावांच्या खुनाच्या प्रकरणात 'ध चा मा' केल्याचा आळ आजतागायत चिकटलेला आहे. डॉ. आनंदीबाई गोपाळ जोशी, ज्या चौदाव्या वर्षी आई झाल्या, दहा दिवसांचं बाळ गमावलं, आणि एकविसाव्या वर्षी, ११ मार्च १८८६ रोजी, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. वर्षभराच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आनंदीबाई पुण्यात क्षयाने गेल्या. त्यांची रक्षा अमेरिकेत पोकिप्सीला, ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. तिसऱ्या आनंदीबाई कर्वे, माहेरची गोदू जोशी. आठव्या वर्षी विधवा झालेली ही मुलगी शारदा सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक होती. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला आणि गोदूची आनंदी झाली. कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्यांचं आत्मचरित्र 'माझे पुराण' मी मुलींना आवर्जून वाचायला देते, कारण थोर माणसाच्या बायकोला थोरपणाचा खर्च कसा भागवावा लागतो ते त्यात स्वच्छ लिहिलं आहे. चौथ्या आनंदीबाई शिर्के, 'सांजवात' लिहिणाऱ्या कथालेखिका. एक पेशवाईतली, एक डॉक्टर, एक विधवाविवाहाच्या चळवळीत होरपळलेली, एक लेखिका. 'आनंदीबाई सभागृह' एवढंच लिहिलेल्या इमारतीत शिरताना आपण नक्की कुणाला नमस्कार करतो?

डॉ. आनंदीबाईंना पदवीनंतर नेमणूक मिळाली होती ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागात. त्यांना रुजू होता आलं नाही. पण कोल्हापूरचं नाव निघालंच आहे, तर पुरुषांच्या नावांचंही बोलू. तिथे कारण वेगळं आहे: आजोबांचं नाव नातवाला आणि गादीच्या मूळ पुरुषाचं नाव दत्तकाला.

शाहू महाराज म्हटलं की आज महाराष्ट्र राजर्षी शाहूंना ओळखतो आणि ते योग्यच आहे. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, जन्म २६ जून १८७४. त्यांना १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेणाऱ्या राणीसाहेबांचं नावही आनंदीबाईच. १९०२ मध्ये पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, वसतिगृहं, १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, राधानगरीचं धरण, १९२० ची माणगाव परिषद. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी काय केलं हे आपण जाणता. पण त्यांच्या जन्माआधी जवळजवळ दोनशे वर्षं दुसरे शाहू जन्मले होते. संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे चिरंजीव, जन्म १६८२. रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे होते, पंचविशीपर्यंत मोगलांच्या कैदेत वाढले, १७०७ मध्ये सुटले, १७०८ मध्ये साताऱ्याला गादीवर बसले. बाळाजी विश्वनाथ, थोरले बाजीराव आणि नानासाहेब, तिघांनाही पेशवेपदाची वस्त्रं त्यांनीच दिली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं सातारा शहर त्यांनी वसवलं. मराठी राज्य दिल्लीपर्यंत पोहोचलं ते त्यांच्या कारकिर्दीत. संगम माहुलीला कृष्णेच्या काठी त्यांची समाधी आहे आणि त्यांचा जीव वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याचीही आहे.

मुलं या दोघांना एक समजतात. उत्तरपत्रिकेत शाहू महाराज बाजीरावांना पेशवे करतात आणि पुढच्याच ओळीत आरक्षण देतात. शाहूपुरी साताऱ्यातही आहे आणि कोल्हापुरातही. कोल्हापूरची गादी मुळात या साताऱ्याच्या शाहूंविरुद्ध ताराराणींनी उभी केली होती आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन घराण्यांची हद्द ठरली, हे कळलं तर त्याच गादीवर पुढे शाहू नावाचा राजा बसणं किती विलक्षण आहे ते उमगतं. पण त्यासाठी आधी दोन शाहू कळले पाहिजेत. इथे हरवतात ते साताऱ्याचे शाहू. बाजीरावावर चित्रपट निघतो आणि त्याला पेशवा करणारा छत्रपती पडद्यावर थोडा वेळ दिसून जातो.

राजाराम महाराजांचं तर त्याहून वाईट झालं. एक राजाराम शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव, जिंजीहून राज्य लढवणारे, १७०० मध्ये सिंहगडावर गेले. दुसरे कोल्हापूरचे तरुण राजे, जे १८७० मध्ये इंग्लंड पाहून परतताना ३० नोव्हेंबरला इटलीत फ्लॉरेन्सला वारले, अवघ्या विशीत. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तिथल्या कॅशिने उद्यानात त्यांची छत्री आहे आणि शेजारच्या पुलाला आजही लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात. या मुलाने प्रवासाची रोजनिशी लिहिली होती, ती १८७२ मध्ये लंडनला छापली गेली. कोल्हापूरचं राजाराम महाविद्यालय या राजारामांच्या नावाचं. तिसरे राजाराम हे राजर्षी शाहूंचे चिरंजीव. कोल्हापूरचा विमानतळ १९३९ मध्ये त्यांच्या काळात सुरू झाला. एकाच शहरात महाविद्यालय एका राजारामाचं, विमानतळ दुसऱ्याचा, आणि पाटी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतात ते सिंहगडावरचे तिसरेच. फ्लॉरेन्सच्या लोकांनी ज्याला दीडशे वर्षं आठवणीत ठेवलं, त्या वीस वर्षांच्या मुलाची ओळख त्याच्याच शहरात धूसर व्हावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हा प्रश्न राजघराण्यांपुरता नाही. गोव्याच्या कोसंबी पितापुत्रांचं बघा. वडील धर्मानंद दामोदर, बौद्ध धर्माचे आणि पालीचे थोर अभ्यासक, १९४७ मध्ये सेवाग्रामला वारले. मुलगा दामोदर धर्मानंद, गणिती आणि इतिहासकार, १९६६ मध्ये पुण्यात वारला. दोघांच्या नावाची आद्याक्षरंही तीच. नुसतं 'डी. डी. कोसंबी' लिहिलं तर कुठला कोसंबी, हे विद्वानांनाही संदर्भ पाहून ठरवावं लागतं. आणि संत नामदेवांच्या नावावर छापल्या गेलेल्या अभंगांत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याचे अभंग किती मिसळले, हा वाद संशोधकांनी पिढ्यान् पिढ्या घातला आहे.

आपल्या पूर्वजांना या गोंधळाची जाणीव होती आणि त्यांनी त्यावर उपाय केला होता. थोरले बाजीराव आणि दुसरे बाजीराव. थोरले माधवराव आणि सवाई माधवराव. बोलताना, बखरीत, पत्रात 'थोरले', 'धाकटे', 'सवाई' लावल्याशिवाय ते पुढे जात नसत. 'राजर्षी' ही पदवी १९१९ मध्ये कानपूरच्या कुर्मी क्षत्रियांच्या परिषदेत शाहू महाराजांना मिळाली आणि आज तीच त्यांची ओळख निश्चित करते. रीत आपलीच आहे. फक्त सिमेंटच्या कमानीवर आणि पत्र्याच्या पाटीवर ती आपण सोडून दिली.

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले, तिथल्या छोट्याशा गोल फलकावर काय आहे? पूर्ण नाव, १८९१–१९५६, सामाजिक न्यायासाठी लढणारे भारतीय अशी ओळख, आणि १९२१–२२ मध्ये इथे राहत होते ही नोंद. परक्या देशातल्या गल्लीतून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही तेवढ्यात सारं कळतं. हे आपल्या गावात का होऊ नये?

मी काय मागते ते आता स्पष्ट लिहिते. पाटीवर पूर्ण नाव असावं, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह. त्याखाली जन्म-मृत्यूची वर्षं, आणि एका ओळीत गाव व काम. स्त्री असेल तर माहेरचं नाव आणि जन्मगाव अवश्य लिहावं. 'रमाबाई महादेव रानडे, माहेरच्या यमुना कुर्लेकर, देवराष्ट्रे, १८६२–१९२४, पुणे सेवासदनाच्या संस्थापक' एवढा मजकूर दोन ओळींत मावतो. 'पंडिता रमाबाई डोंगरे-मेधावी, १८५८–१९२२, शारदा सदन आणि केडगावच्या मुक्ती सदनाच्या संस्थापक, बायबलच्या अनुवादक' हाही मावतो. 'बायबल' हा शब्द पाटीवर कशाला, असं सभागृहात कुणी म्हणेल. तेव्हा आपण ठाम राहा. त्या बाईने ज्या कामाला आयुष्याची अखेरची वर्षं दिली ते काम गाळून तिचं नाव वापरण्याचा आपल्याला अधिकार नाही.

जागा नसते, खर्च वाढतो, लोक वाचत नाहीत, अशी उत्तरं मला ठाऊक आहेत. जागा असते, त्याच पाटीवर उद्घाटकांची, प्रमुख पाहुण्यांची आणि आजी-माजी सदस्यांची नावं सविस्तर, पदांसकट मावतात. खर्च दोन ओळींच्या रंगाचा आहे. आणि लोक वाचत नाहीत हे खरं नाही. बसची वाट पाहणारा माणूस समोर असेल ते वाचतो, आणि शाळेच्या कमानीवरची अक्षरं जुळवत लहान मुलं वाचायला शिकतात.

जुन्या पाट्यांचं काय, हाही प्रश्न येईल. नाव कुणाचं दिलं होतं हे ठरावाच्या वहीत असतं. ती वही उघडा. सापडलं नाही तर गावातल्या शाळेच्या शिक्षकांना आणि ग्रंथपालांना हाताशी धरा, जुन्या माणसांना विचारा. ज्या ठरावात नुसतं 'रमाबाई' किंवा 'शाहू महाराज' असेल तिथे सभागृहाने आज चर्चा करून ठरवावं आणि तसं नोंदवावं. मुलांना या शोधात घ्या. माझ्या अनुभवात मुलं अशा कामात फार चटकन रमतात आणि मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात.

नामकरणाचा पुढचा ठराव आपल्यासमोर येईल तेव्हा त्यात पूर्ण नाव, वर्षं, गाव आणि काम लिहिलेलं आहे का ते पाहा. नसेल तर तो परत पाठवा आणि पूर्ण करून आणायला सांगा.

आपली नम्र,
इतिहासाची एक शिक्षिका